जुन्या स्टँडर्ड हेरल्डला स्पोर्ट्स एक्झॉस्ट बसवला तर पिकअप वाढेल का? कोणता बसवू, खर्च किती येईल?

वाढेल, पण ज्या आशेनं तुम्ही विचारून राहिले तेवढा नाही. स्टँडर्ड हेरल्ड म्हणजे इंग्लंडच्या ट्रायम्फ हेरल्डचीच भारतात बनलेली गाडी. ९४८ सीसीचं इंजिन आहे भाऊ, नवं होतं तेव्हाच हॉर्सपॉवर चाळीसच्या आत, त्यात एक्झॉस्ट बदलून दोन-तीन वाढले तर पेढे वाटा. खरं म्हणजे मी लिहिणारच नव्हतो, पण खाली तुम्ही टाकलं आहे ना की ओळखीचा एक मिस्त्री अडीच इंची स्टेनलेसचा फ्री फ्लो, म्हणजे धूर न अडवणारा मोकळा सेट बसवून देतो म्हणतो, ते वाचलं आणि डोकं सणकलं. अडीच इंची पाइप, हेरल्डला! तो ट्रकवाल्याला विक म्हणावं.

आमचं वर्धा जिल्ह्यात आर्वीकडे वेल्डिंगचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. जवळच्या गावात जुन्या मालगुजारांचा, म्हणजे जमीनदारांचा वाडा आहे आणि त्या वाड्याच्या ढेलजेत एक हेरल्ड उभी असते, दोन दाराची, पहिल्या मॉडेलची. मालगुजारी १९५१ ला गेली पण थाट काही लगेच जात नाही, म्हाताऱ्या मालकानं कापसाच्या पैशात ती घेतली होती. तिच्या सायलेन्सरला आधी वडील ठिगळं मारत, आता मी मारतो, त्यामुळं त्या गाडीच्या पोटाखालचा एकेक बोल्ट मला माहीत आहे.

मालकाचा नातू पुण्याला नोकरीला. त्यानं कुठंतरी वाचलं की ही स्पोर्ट्सकार आहे. अगदीच खोटं नाही ते, हेरल्डचीच चेसिस आखूड करून १९६२ मध्ये ट्रायम्फनं तिकडे इंग्लंडात स्पिटफायर काढली, दोन्हींचं डिझाइन इटलीच्या मिकेलोत्तीचं, आणि पुढचं पूर्ण बोनेट मडगार्डासकट उघडतं तेही दोघींचं सारखंच. पण चुलतबहीण स्पोर्ट्सकार आहे म्हणून ही होत नाही ना. मी त्याला म्हटलं, आधी पॉइंट, टायमिंग, कॉम्प्रेशन पाहू, कार्ब्युरेटर साफ करू, सायलेन्सर शेवटी. तो ऐकतही होता. तेवढ्यात आमचे जवाई मध्ये पडले.

मोठ्या बहिणीचे मिस्टर, नागपूरचे. यामाहा आरएक्स हंड्रेड मोटरसायकलचे जुने खेळाडू, त्या गाडीत त्यांचा हात कोणी धरू शकत नाही हे मी आजही मानतो. पण आमच्याकडे जवायासमोर बोलायची सोय नसते, पाट मांडायचा, वाढायचं आणि हो म्हणायचं. ते म्हणे, "तू गप रे, तुले काय समजते, इंजिनले मोकळा श्वास घेऊ दे." आणि नातवाला घेऊन गाडी नागपूरला नेली. परत आली तेव्हा मॅनिफोल्डपासून, म्हणजे इंजिनातून धूर गोळा करणाऱ्या भागापासून शेपटीपर्यंत अडीच इंची चकचकीत पाइप आणि मागं ढोलासारखा डबा, आत काहीच नाही. ॲक्सिलरेटर सोडला की फाडफाड फटाके. पोट्टे खूश. ते फटाके म्हणजे पॉवर नसते हो, पेट्रोल-हवेचं मिक्श्चर गडबडलेलं असतं किंवा जॉइंटमधून हवा आत शिरते आणि न जळलेलं पेट्रोल गरम पाइपात जळतं, एवढंच.

पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी नातवाला गाडी गावातून फिरवायची हौस आली. आखरावर तोरणाखाली जोड्या उभ्या, झुली टाकलेल्या, शिंगांना बेगड, झडत्या म्हणजे पोळ्याची गमतीची कवनं चालू. हा वाड्याकडून आला, बैल पाहून घाबरला आणि एकदम पाय सोडला, आणि त्या डब्यातून असा बार निघाला की पहिल्या रांगेतल्या दोन जोड्या कासरे तोडून थेट वेशीकडे. एका म्हाताऱ्याचं धोतर फाटलं, दुसरं काही लागलं नाही कोणाला, पण बैल धरता धरता अंधार पडला. आणि आमच्या गावचे लोक कमी नाहीत, एकानं तिथल्या तिथं झडती जोडली, "मालकाची गाडी, फुटला बार, बैल पयाले वेशीपार, एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!" जवाई माझ्या बाजूलाच उभे होते. मी काही बोललो नाही, वर पाहत राहिलो.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी. चार जण बसवून निघाले तर नाल्याच्या चढावर गाडी सेकंडमध्ये ओढेना, पूर्वी त्याच चढावर गपगुमान चढायची. खालच्या आरपीएमचा दम पूर्ण गेलेला. तेव्हा जवाई काय म्हणाले माहीत आहे? "बॅकप्रेशर कमी पडलं. आतमंधी वाशर वेल्ड करून दे." बॅकप्रेशर म्हणजे बाहेर निघणाऱ्या धुराला अडवणारा उलटा दाब. म्हणजे आधी मोकळा श्वास आणि आता तोंडात बोळा!

आता हे नीट समजून घ्या कारण अर्ध्या महाराष्ट्राचे मिस्त्री इथंच फसलेले आहेत. टू-स्ट्रोकमध्ये, म्हणजे आरएक्स, जुनी येझदी वगैरेमध्ये, एक्झॉस्ट पोर्ट उघडा असतानाच ताजं मिक्श्चर आत येतं आणि त्यातलं थोडं बाहेर निसटतं. तिथं एक्झॉस्टच्या फुगीर चेंबरचा मागचा निमुळता भाग दाबाची लाट परत पाठवतो आणि निसटलेलं मिक्श्चर पुन्हा सिलिंडरात ढकलतो. ती एक लाट आहे, ठरावीक आरपीएमला बरोबर वेळेवर येणारी, कायमचा दाब नाही. तिला लोक बॅकप्रेशर म्हणायला लागले आणि मग तेच हेरल्डसारख्या फोर-स्ट्रोकला चिकटवलं. फोर-स्ट्रोकला बॅकप्रेशर कधीच नको असतं, थोडंही नाही. तिला पाहिजे असतो वायूचा वेग. धूर वेगानं पुढं गेला की मागं पोकळी सोडतो आणि ती पोकळी सिलिंडरातला उरलेला धूर ओढून घेते. पाणी सरीतून धावतं, सरी फुटून वावरात पसरलं की जागीच थबकतं, जाड पाइपात तेच होतं, वायू मंदावतो, थंड होतो, ओढ संपते. म्हणजे दम गेला तो दाब कमी झाला म्हणून नाही, वेग कमी झाला म्हणून. वाशर लावून वेग वाढत नाही, फक्त अडतं.

मी तो सेट काढला. ओरिजिनल बिडाचं मॅनिफोल्ड परत बसवलं, पुढं दीड इंची पाइप, तयार बेंड जोडून, कुठंही चपटा न होऊ देता. मध्ये आरपार छिद्राच्या नळीचा लांब सायलेन्सर, भोवती ग्लासवूल भरलेलं, आणि शेवटी एक छोटा. आवाज घुमतो, बैल बुजत नाहीत. चढ सेकंडमध्ये आरामात, रिकामी असली तर थर्डमध्येही निघते.

तुम्हाला हेडरच, म्हणजे बिडाच्या मॅनिफोल्डच्या जागी प्रत्येक सिलिंडरला वेगळी नळी असलेला सेट पाहिजे असेल, तर फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ आहे, म्हणून एक-चार आणि दोन-तीन अशा जोड्या करून मग एकत्र करणारा घ्या, चारही नळ्या एकदम एका जागी आणून कोंबलेला नको. पण माझं ऐकाल तर विदर्भात घेऊच नका. या इंजिनला कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, पातळ नळ्यांचा ताव सरळ कार्ब्युरेटरला लागतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच पंचेचाळीस असते. गाडी बंद करून चहा प्यायला गेलात की पेट्रोल उकळतं आणि मग धक्का मारा. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, ते ७८ डिग्रीला उकळतं, मिक्श्चर आणखी पातळ करतं आणि पंपाचा जुना डायफ्राम न् रबरी नळ्या खातं. एक्झॉस्ट मोकळा केला आणि कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट तोच ठेवला तर पेट्रोल कमी पडून प्लग पांढरा पडेल, मग व्हॉल्व्ह जळतील आणि तुम्ही सायलेन्सरला शिव्या द्याल. प्लग फिकट कॉफीच्या रंगाचा येईपर्यंत जेट बदलत राहा.

स्टेनलेसचं म्हणाल तर चमक पाहून फसू नका. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे चांगल्या ३०४ ग्रेडचं स्टेनलेस असंही नाही, जिन्याच्या रेलिंगचा २०२ चा पाइपही चिकटवून घेत नाही आणि तोच गळ्यात मारतात. ४०९ ला चुंबक चिकटतो पण एक्झॉस्टला तो चालतो, कारखान्यातून गाड्यांना येतोच. साध्या लोखंडाचा केला तरी हरकत नाही, फक्त गाडी चालवा. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, आणि गाडी सणासुदीलाच वाड्यातून देवळापर्यंत नेली तर ते पाणी सायलेन्सरात साचून आतून सडवतं. सगळ्यात खालच्या जागी बारीक छिद्र ठेवा. आणि पाइप चेसिसला कडक बोल्टनं आवळू नका, रबरावर लटकवा, नाहीतर इंजिन हलतं आणि मॅनिफोल्डचा फ्लँज तडकतो.

हो, राहिलं, मोटार वाहन कायद्यात आवाजाचं कलम आहे, १९० पोटकलम दोन, पहिल्यांदाच दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत शिक्षा किंवा दोन्ही, वर लायसन्सही तीन महिने जातं. जुनी गाडी आहे म्हणून साहेब सोडतील असं समजू नका, आपल्याकडे काढून घेतलेल्या सायलेन्सरवर रोलर फिरवतात.

खर्च मी सांगत नाही, गाडी पाहिल्याशिवाय आकडा सांगणारा मिस्त्री आणि अडीच इंची पाइपवाला बहुतेक एकच असतो. तुमच्या इंजिनचं कॉम्प्रेशन गेलेलं असेल तर वरचं सगळं सोडा आणि तो पैसा पिस्टनच्या रिंगांमध्ये घाला.

आणि जवाईबुवा, तुम्ही हे वाचता हे ताईनं सांगितलं आहे. सायलेन्सरच्या अलीकडे एक नट वेल्ड करून त्यात कमी दाबाचं गेज लावायचं, फुल थ्रॉटलवर चढ चढायचा, आधी वाशरशिवाय, मग तुमचं वाशर घालून. दाब किती आणि चढाला वेळ किती, दोन्ही लिहून घेऊ. गेज माझ्याकडे आहे, वेल्डिंगचे पैसे घेणार नाही, गाडीची किल्ली नातवाकडून तुम्ही आणा.