ग्रीन कार्ड मिळालंय, पहिलं पिस्तूल घ्यायचंय. जवळच्या गन शॉपमधून घेऊ की ऑनलाइन स्वस्त मिळतंय ते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर डॅलसच्या उत्तरेला, नुकतंच ग्रीन कार्ड हातात आलंय, ग्लॉक १९ घ्यायचं जवळपास ठरलंय. घराजवळचं दुकान ५५९ डॉलर सांगतंय, वेबसाइटवर तेच ४९९ ला दिसतंय, मग वरचे साठ डॉलर दुकानदाराला का द्यायचे? मीही टेक्सासमध्येच राहते, शूटिंग रेंजवर सरावाला नेमाने जाते आणि खरेदी दोन्हीकडून केली आहे. माझं मत विचाराल तर पहिलं पिस्तूल दुकानातून घ्या, गोळ्या ऑनलाइन मागवा. आणि ते साठ डॉलर आधी नीट मोजा, कारण ते साठ नाहीतच.

ऑनलाइन घेतलेली बंदूक घरी येत नाही. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टपासून ती परवानाधारक डीलरकडेच, म्हणजे इथल्या भाषेत ‘एफएफएल’कडे जाते. बहुतेक वेळा तो एफएफएल म्हणजे तुम्ही जिथून घ्यायचं टाळताय तेच कोपऱ्यावरचं दुकान. ते ट्रान्सफर फी लावतं. आमच्याकडे २५ ते ५० डॉलर सर्रास घेतात, आणि जो माल त्यांच्याच काचेखाली पडलाय तो तुम्ही बाहेरून मागवलात तर काही जण मुद्दाम जास्त लावतात. त्यात मला तरी काही गैर वाटत नाही.

आता टॅक्स. पूर्वी परराज्यातली वेबसाइट सेल्स टॅक्स लावत नसे, तीच खरी बचत होती. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाचा वेफेअर निकाल आला आणि ती वाट बंद झाली. आपल्याकडे ८.२५ टक्के धरा. ४९९ वर ४१ डॉलर टॅक्स, ३५ ट्रान्सफर, १५ शिपिंग, झाले ५९०. दुकानातले ५५९ टॅक्स धरून ६०५. फरक उरला पंधरा डॉलरचा. दुकान कार्डावर तीन टक्के वर घेत असेल तर तो पुन्हा तीसच्या पुढे जाईल, म्हणून रोख न्या. आणि रोख नेताय तर भाव कमी करून मागायला लाजू नका. नव्या बंदुकीवर दुकानदाराला फार सुटत नाही, त्यामुळे किंमत तो फारशी उतरवणार नाही, पण जादा मॅगझिन (पिस्तुलात गोळ्या भरायचा कप्पा) नाहीतर गोळ्यांचं एखादं खोकं वर टाकेल. त्याची कमाई होल्स्टर, साफसफाईचं सामान, जुन्या बंदुका आणि रेंजच्या तासांवर असते.

कागदपत्रांत दोन्हीकडे काडीचा फरक नाही. ऑनलाइन म्हणजे गुपचूप, हा समज डोक्यातून काढून टाका. खरेदीचा सरकारी फॉर्म ४४७३ तोच, एफबीआयची ‘निक्स’ म्हणजे गिऱ्हाइकाच्या पार्श्वभूमीची तपासणी तीच, जी १९९८ च्या नोव्हेंबरपासून चालू आहे. उत्तर तीनपैकी एक येतं: प्रोसीड, डिलेड किंवा डिनाइड. आपण नागरिक नसल्यामुळे इमिग्रेशनच्या नोंदीही तपासतात, तेव्हा ‘डिलेड’ आलं तर घाबरू नका. कामाचे तीन दिवस उलटूनही एफबीआयने काही कळवलं नाही तर कायद्याने दुकान बंदूक देऊ शकतं, पण द्यायलाच हवी असं नाही. वॉलमार्टने मात्र स्पष्ट ‘प्रोसीड’ आल्याशिवाय न देण्याचं धोरण फार आधीपासून ठेवलंय. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये ज्याने नऊ माणसं मारली त्याला बंदूक याच तीन दिवसांच्या फटीतून मिळाली होती, त्यामुळे दुकानदार थांबला तर त्याच्याशी वाद घालू नका.

मग दुकानात जास्तीचं काय मिळतं? पहिली गोष्ट, पिस्तूल हातात धरून बघता येतं. ग्लॉक १९ चांगलंच आहे, पण ते तुम्ही व्हिडिओ बघून ठरवलंय. पंजा लहान असेल तर ट्रिगरपर्यंत बोट नीट पोचत नाही, कुणाला त्याच्या ग्रिपचा कोन जमत नाही. ज्या दुकानाला रेंज जोडलेली आहे तिथे पंधरा-वीस डॉलरात भाड्याने घेऊन चालवून बघा. माझ्या ओळखीतली निम्मी मंडळी मनात एक धरून गेली आणि दुसरंच घेऊन आली. हे स्क्रीनवर कळत नाही, आणि एकदा ताबा घेतला की परत करणं विसरा. ऑनलाइन असो, मोठं स्टोअर असो की गावातलं दुकान, विकलेली बंदूक सहसा कुणी परत घेत नाही. बिघाड निघाला तर कंपनीशीच बोलावं लागतं. म्हणून बाहेरून मागवलंत तर डीलरकडे खोका उघडून, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून, सिरीयल नंबर जुळवून मगच फॉर्मवर सही करा.

दुसरी गोष्ट तो फॉर्म. काउंटरवरचा जुना माणूस प्रत्येक रकाना बोट ठेवून वाचतो. कागदात चुका राहिल्या तर त्याचा परवाना धोक्यात येतो. लोक काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या रकान्यात ‘कंट्री’ समजून ‘यूएसए’ लिहून मोकळे होतात! आपल्यासाठी तर हा फॉर्म भलताच गंभीर आहे. त्यावर खोटं लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे, आणि बंदुकीच्या गुन्ह्यात ग्रीन कार्डवाल्याला देशाबाहेर काढता येतं. ‘ही बंदूक तुम्ही स्वतःसाठीच घेताय का?’ हा प्रश्न तर विशेष जपून वाचा. एका माजी पोलिसाने काकांसाठी आपल्या नावावर बंदूक घेतली, का तर पोलिसांच्या सवलतीत स्वस्त पडत होती म्हणून. बंदूक ग्लॉक १९ च. काकांना स्वतःच्या नावावर घ्यायला कायद्याची काही आडकाठी नव्हती, तरीही २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याची शिक्षा कायम ठेवली. थोड्या डॉलरांसाठी! भेट देणं वेगळं. दुसऱ्याने दिलेल्या पैशांतून त्याच्यासाठी आपल्या नावावर घेणं हा गुन्हा.

इथे थोडं विषयांतर करते, कारण हे उत्तर एच-१बी वालेही वाचणार. एच-१बी, एच-४, एफ-१, टूरिस्ट व्हिसा, यांपैकी कशावरही असाल तर बंदूक किंवा गोळी बाळगायला फेडरल कायद्याची बंदी आहे. मुख्य अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स. आणि ‘बाळगणं’ म्हणजे नुसती खरेदी नव्हे, रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणंही त्यात आलं. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले की त्यांना रेंजवर नेऊन फोटो काढायची हौस आपल्या लोकांत फार आहे. गणपतीच्या दिवसांत मंडळात असे फोटो मी फोनवर पाहिले आहेत आणि पोटात गोळा आला आहे. लायसन्सशिवाय हे करू नका, भले रेंजवाल्याने काही विचारलं नाही तरी.

आता दुकानांची दुसरी बाजू, कारण सगळीच गावातली दुकानं काही पुण्यवान नसतात. काही काउंटरांवर जो नमुना बसलेला असतो तो तुम्हाला शिकवण्यापेक्षा हिणवण्यात जास्त रमतो. मी एकटी गेले तर हमखास ‘लेडीजसाठी’ म्हणून छोटंसं हलकं रिव्हॉल्व्हर पुढे सरकवतात. नवशिक्या हातासाठी याहून वाईट सल्ला नसेल. जितकं हलकं तितका झटका जास्त, वर ट्रिगर ओढायला जड. आमच्या बाजूच्या एका दुकानात तर मी बोलत असताना उत्तरं नवऱ्याला दिली जायची, आणि त्या बिचाऱ्याला मॅगझिन कुठून निघतं हेही माहीत नाही. मी तिथे जाणं सोडलं. अशा ठिकाणी पंधरा डॉलर जास्त द्यायची काही गरज नाही, दुसरं दुकान शोधा. उच्चारावरून, रंगावरून कसं बोलतात हेही पहिल्या पाच मिनिटांत कळतं. मिसेसना सोबत न्या आणि तिच्याशी कसं बोलतात ते बघा. घरात बंदूक येणार म्हणजे ती तिलाही हाताळता यायला हवी.

मोठ्या स्टोअर्सचं म्हणाल तर वॉलमार्ट तुमच्या कामाचंच नाही. अलास्का सोडून बाकी देशात त्यांनी पिस्तुलं १९९३ मध्येच बंद केली, आणि २०१९ च्या एल पासोच्या गोळीबारानंतर पिस्तुलाच्या गोळ्याही. कॉस्टको तिजोऱ्या ठेवतं, बंदुका नाही. राहिली अकॅडमी, बास प्रो, कबेलाज ही खेळ-शिकारीच्या सामानाची मोठी दुकानं. भाव बरे असतात, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास तर फारच बरे. पण काउंटरवरचा मुलगा कदाचित गेल्या आठवड्यात मासेमारीच्या विभागात असेल. काय हवं ते पक्कं माहीत असेल तर तिथून जरूर घ्या. दुसरी-तिसरी खरेदी असती तर मी तुम्हाला हेच सांगितलं असतं.

गोळ्यांचं गणित उलटं आहे. टेक्सासमध्ये त्या थेट घरी येतात (कॅलिफोर्निया, न्यूयॉर्ककडच्यांनी आपापले नियम बघावेत). सरावाच्या ९ एमएमच्या हजार गोळ्या एकदम मागवल्या की एकेक खोकं घेण्यापेक्षा बऱ्याच स्वस्त पडतात, आणि सराव करायचा असेल तर हजार काही फार नव्हेत. तरीही सगळंच ऑनलाइन नेऊ नका. २०२० मध्ये निक्सवर जवळपास ३ कोटी ९७ लाख तपासण्या झाल्या, तोवरच्या कुठल्याही वर्षापेक्षा जास्त, आणि गोळ्या बाजारातून गायब झाल्या. वेबसाइटींवर भाव दुप्पट-तिप्पट. तेव्हा मी जिथे शिकले त्या दुकानाने नेहमीच्या गिऱ्हाइकांना माणशी एक-दोन खोकी जुन्याच्या आसपासच्या भावाने दिली. तो दुकानदार काही संत नाही, निवडणुकीच्या दिवसांत त्याची बडबड ऐकवत नाही. पण त्याला माझं नाव माहीत होतं.

वाचतील त्या पैशांतून बंदूक ठेवायला तिजोरी घ्या. पिस्तुलासोबत कुलूप द्यावंच लागतं, ते केबलचं कुलूप खोक्यात येईल, पण घरात मुलं असतील तर तेवढ्यावर भागत नाही. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती तुमच्या हलगर्जीपणामुळे भरलेली बंदूक लागली तर तो तुमचा गुन्हा. बोटाच्या ठशाने उघडणारी स्वस्त डबडी टाळा, आकड्यांची बटणं असलेली बरी.

दुकानात जाण्याआधी फोन करून ट्रान्सफर फी आणि कार्डाचा वरचा आकार दोन्ही विचारा. शनिवार टाळा, मंगळवार-बुधवारी सकाळी काउंटरवाल्याला बोलायला वेळ असतो. ग्रीन कार्ड आणि ड्रायव्हिंग लायसन्स सोबत ठेवा. लायसन्सवर जुन्या अपार्टमेंटचा पत्ता असेल तर आधी डीपीएसकडून (टेक्सासमध्ये लायसन्स देणारं खातं) बदलून घ्या, नाहीतर सध्याचा पत्ता असलेला दुसरा सरकारी कागद, गाडीचं रजिस्ट्रेशन वगैरे, न्यावा लागेल. याच कारणावरून काउंटरवरून परत फिरलेले आपले बरेच लोक मी पाहिलेत.