पेपरात एक बरोबर उत्तर, वॉर्डात एकही नाही

तुम्ही विचारलंय की एमबीबीएसची मुलं चार पर्यायांतून एक उत्तर निवडायला शिकतात, मग वॉर्डातल्या अनिश्चिततेसाठी त्यांची तयारी कशी करून घ्यायची? मी मेडिसिन शिकवतो. माझं उत्तर मण्यार या विषारी सापापासून सुरू होतं.

पावसाळ्यात पहाटे ४ वाजता तरणाताठा शेतमजूर कॅज्युअल्टीत येतो. पोटात कळा, दोन उलट्या. रात्री जमिनीवर झोपला होता. अंगावर दंशाची खूण नाही. इंटर्न असताना अशाच एकाला मी ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन बाकावर बसवलं होतं. तासाभराने त्याच्या पापण्या उतरायला लागल्या. तो मण्यारीचा दंश होता. ते सिस्टरांच्या लक्षात आलं, म्हणून तो वाचला.

ही केस मी मुलांना शेवट न सांगता देतो. सापाचा संशय आला की बहुतेक जण रक्त गोठण्याची चाचणी मागतात. करा म्हणतो. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत २ मिली रक्त, २० मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी तिरकी करून बघायची. रक्त गोठलेलं असतं आणि मुलांचा जीव भांड्यात पडतो. तिथेच अडवतो. घोणस-फुरशाचं विष रक्त बिघडवतं, मण्यारीचं मज्जातंतूंवर जातं. तिच्या दंशात रक्त गोठणारच. ‘मग सरळ एएसव्ही (सापाच्या विषावरचा उतारा) देऊ सर!’ पण त्याचीही जीवघेणी रिॲक्शन येऊ शकते, नुसत्या संशयावर देत नाहीत.

आता मुलं गप्प होतात. मला हीच वेळ हवी असते. केस पेपरवर दोन ओळी लिहायला लावतो: काय दिसलं तर माझं मत बदलेल, आणि मी पुन्हा केव्हा बघणार. पापण्या, मान उचलता येते का, एका श्वासात कितीपर्यंत आकडे मोजतो, दर अर्ध्या तासाने. पापणी उतरली की एएसव्ही, त्याची रिॲक्शन आली तर द्यायचं ॲड्रेनालिन आधीच भरून हाताशी. नुसतं ‘ऑब्झर्व्ह’ लिहिलेलं मी चालवून घेत नाही.

नातेवाइकांशी बोलणं मुलांना याहून जड जातं, म्हणून मी स्वतः पेशंटचा भाऊ होऊन समोर बसतो. ‘साप चावल्याचा संशय आहे, खात्री नाही. २४ तास इथेच ठेवू. डोळे मिटायला लागले, बोलणं जड झालं, तर रात्री कितीही वाजता हाक मारा.’ एवढं न अडखळता येईपर्यंत म्हणून घेतो.

आणि राऊंडवर मला निदान लागलं नाही, तर तसं मुलांसमोर सांगतो. मग आज काय देणार, संध्याकाळी काय बघणार आणि कोणाला फोन करणार, तेही त्यांच्यासमोरच ठरवतो.