तारीख मागे जातेय? मदरबोर्ड बदलण्याआधी सेल बदलून पाहा

ताई, तुम्ही लिहिलंय की बाबांचा आठ वर्षांचा डेस्कटॉप रोज सकाळी काळ्या स्क्रीनवर अडतो, एफ१ दाबलं की पुढे जातो, तारीख २०१६ची दाखवतो आणि बँकेची साइट उघडत नाही. दुकानदार म्हणतोय मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) गेला, नवीन मशीन घ्या. कृपया एवढ्यात पैसे देऊ नका. ही सगळी लक्षणं मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपल्याची आहेत.

कॉम्प्युटर बंद असला तरी आतलं घड्याळ चालूच असतं. भिंतीवरचं बटण चालू असेल तर त्याला पॉवर सप्लायमधून थोडी वीज मिळत राहते. बटण बंद केलं की सगळा भार सेलवर. आपल्याकडे रात्री बटण बंद करूनच झोपतात, आणि पावसाळ्यात विजा कडाडत असताना ते करायलाच हवं. फक्त त्यामुळे सेल जरा लवकर संपतो.

बँकेच्या साइटचा यात काय संबंध, हे बाबांना असं सांगा. प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक प्रमाणपत्र असतं, त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं नोंदलेलं असतं. कॉम्प्युटर समजतोय २०१६ चालू आहे, मग यंदाचं प्रमाणपत्र त्याला अजून सुरूच न झालेलं वाटतं आणि तो दार लावून घेतो. बँकेचं किंवा इंटरनेटचं काही बिघडलेलं नाही.

सेलचा नंबर बहुतेक डेस्कटॉपमध्ये सीआर२०३२ असतो: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, ३ व्होल्ट. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. शेजारच्या निवृत्त गुरुजींच्या मशीनचीही हीच तक्रार होती आणि त्यांनाही मदरबोर्डच सांगितला होता. मी मीटर लावला तर जुना सेल २.३ व्होल्ट दाखवत होता, नवा ३.२. पाच मिनिटांचं काम होतं. पेन्शनच्या पैशातून माणूस नवीन मशीन घ्यायला निघाला होता, म्हणून हे इतकं तळमळीने लिहितोय.

बदलताना आधी भिंतीवरचं बटण बंद करून वायर काढा आणि कॉम्प्युटरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, मग बाजूचं झाकण उघडा. आत हात घालण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सेलच्या कडेला छोटी पट्टी असते, ती हळूच बाजूला दाबली की सेल वर येतो. खाली स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. नवा सेल बसवताना अधिकचं चिन्ह आणि अक्षरं असलेली बाजू वर. मग मशीन चालू करून डिलीट किंवा एफ२ दाबा (कोणतं, ते स्क्रीनवर येतं), तारीख-वेळ घाला आणि सेव्ह करून बाहेर पडा.

घरात लहान मूल आहे का? असेल तर जुना-नवा कुठलाच सेल टेबलावर ठेवू नका. गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. जुन्याला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या. लॅपटॉप असता तर मी घरी उघडायला सांगितलं नसतं, तिथे सेल बऱ्याचदा वायरने जोडलेला असतो.

एक खूण लक्षात ठेवा. तारीख बरोबर, पण घड्याळ नेमकं साडेपाच तासांनी चुकत असेल तर सेलचा दोष नाही, टाइम झोनची सेटिंग बघा. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स या दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिम असल्या की हे हमखास होतं.

नवा सेल घालून वेळ लावल्यावर रात्रभर भिंतीवरचं बटण बंद ठेवा. सकाळी तारीख टिकली तर झालं. नाही टिकली, तर स्क्रीनवर जे येईल त्याचा फोटो टाका आणि चालू होताना किती बीप वाजतात ते मोजून लिहा, मग पुढचं बघू.