100 एमबीपीएसच्या प्लॅनवर 35 च मिळतात, तर ब्रॉडबँड कंपनी बदलावी का? नव्या लाइनचा वेग आधी कसा ओळखावा?

तुमचा प्लॅन 100 एमबीपीएसचा आहे, मोबाइलवर चाचणी केली की 30 ते 35 दिसतात, आणि नव्या कंपनीला पैसे भरण्याआधी तिची लाइन किती वेग देईल हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. माझा सल्ला असा की, आठवडाभर कंपनी बदलण्याचा विचार बाजूला ठेवा आणि आहे ती लाइन वाय-फायविना, थेट केबलवर मोजा. मी तसे न करता कंपनी बदलली होती आणि सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरल्यावरही वेग होता तेवढाच राहिला, म्हणून हे कळकळीने लिहितो आहे.

आमचे घर बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यात आहे. भिंती विटांच्या आणि चांगल्या दीड फूट जाड. राउटर बैठकीत दारावर आणि माझी कामाची खोली दोन भिंतींपलीकडे. नव्या कंपनीच्या माणसाने आपला राउटर जुन्याच खिळ्याला टांगला. वाय-फायच्या 5 गिगाहर्ट्झच्या वेगवान लहरी एवढ्या भिंती नीट पार करत नाहीत, त्यामुळे माझ्या खोलीत मोबाइल 2.4 गिगाहर्ट्झच्या संथ पट्ट्यावर जायचा आणि तिथे आजूबाजूच्या सगळ्या घरांच्या राउटरांची गर्दी असायची. दोन्ही कंपन्यांची लाइन ठीकच होती. वेग भिंतींत मुरत होता. शेवटी छताच्या कडेने लॅन केबल नेऊन कामाच्या खोलीत दुसरा राउटर बसवला, तेव्हा प्रश्न सुटला.

मोजण्याची रीत सोपी आहे. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा, त्याचे वाय-फाय बंद करा, घरातले टीव्ही आणि डाउनलोड थांबवा, आणि सकाळी सात, दुपारी दोन व रात्री साडेनऊ अशा वेळी चार-पाच दिवस आकडे वहीत लिहून ठेवा. त्यात एक रविवार असू द्या. लॅन पोर्ट 100 एमबीपीएसचा असेल तर लाइन कितीही चांगली असली तरी चाचणीत साधारण 94 च दिसतात, कारण उरलेला भाग डेटाच्या पाकिटांवरच्या पत्त्यांत खर्च होतो. प्लॅन 200 चा असूनही आकडा 94 वर अडलेला दिसला, तर आधी केबल बदलून पाहा. आठपैकी चारच तारा जोडलेली केबल 100 च्या पुढे जात नाही. केबलवर तिन्ही वेळा नव्वदीच्या घरात आकडे आले, तर कंपनी बदलून काहीही साधणार नाही. सकाळी 94 आणि रात्री रोज 40 येत असतील, तर मात्र कंपनीने पुढे पुरेशी क्षमता घेतलेली नाही असे समजा. अशा वेळी बदल करणे योग्यच आहे.

आता नव्या लाइनचा अंदाज. तांब्याच्या टेलिफोन तारेवरून इंटरनेट यायचे, तेव्हा एक्स्चेंजपासूनच्या अंतरावरून वेग सांगता यायचा: एडीएसएल 2 प्लसची लाइन जवळच्या घरात 24 एमबीपीएसपर्यंत जाई आणि चार-पाच किलोमीटरवर दोन-तीनवर येई. फायबरला हा हिशोब लागू पडत नाही. फायबरमध्ये किलोमीटरमागे प्रकाशाची घट डेसिबलच्या एक तृतीयांशाच्या आसपास असते, म्हणजे तीन किलोमीटरला जेमतेम एक डेसिबल. पण एकच फायबर 32 घरांत वाटणाऱ्या स्प्लिटरमध्ये सुमारे 17 डेसिबल जातात, आणि एखादा खराब जोड किंवा काटकोनात मुडपलेली वायर कित्येक किलोमीटरांची घट एका जागी करते. एका फायबरवर अनेक घरे जोडण्याच्या, सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीपॉन पद्धतीत 2.5 गिगाबिट अशा 32 घरांत वाटले जातात. सगळ्यांनी एकदम ओढले तर प्रत्येकाला 78 एमबीपीएस येतील. प्रत्यक्षात तसे क्वचितच घडते.

लाइन जोडून झाल्यावर तंत्रज्ञाला पॉवर मीटरवरचा, म्हणजे घरापर्यंत किती प्रकाश पोहोचतो त्याचा, आकडा दाखवायला सांगा. तो डीबीएममध्ये असतो आणि शून्यापासून जितका खाली, तितका प्रकाश कमी. उणे 15 ते उणे 24 डीबीएम असेल तर निश्चिंत राहा. उणे 27 च्या आसपास असेल तर जोड पुन्हा करून घ्या, कारण या कडेवर वेग हळूहळू उतरत नाही, लाइनच अधूनमधून तुटते. बडोद्यात हे उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीला पतंग उडवण्याच्या सणाच्या, वेळी फार जाणवते. गच्च्यांवरून लोंबणाऱ्या वायरींत पतंग अडकतात आणि मुले मांजा ओढत राहतात. आमच्याकडे एका जानेवारीत उणे 19 चा आकडा उणे 27 वर गेला होता. शेजारच्या गच्चीच्या कठड्यावर वायर दुमडलेली सापडली. म्हणून नवी वायर कुठून येणार, जमिनीखालून की गच्च्यांवरून, हे आधी विचारा, आणि त्याच कंपनीची लाइन असलेल्या तुमच्या गल्लीतल्या शेजाऱ्याकडे रात्री जाऊन लॅपटॉप जोडून पाहा. जाहिरातीपेक्षा हा आकडा कितीतरी भरवशाचा असतो. जाहिरातीत ‘पर्यंत’ हा शब्द असतोच, आणि जानेवारी 2023 पासून आपल्याकडे ब्रॉडबँड म्हणवण्यासाठी 2 एमबीपीएसही पुरतात.

मोबाइलसारखी पोर्टेबिलिटी ब्रॉडबँडला नाही, त्यामुळे जुनी लाइन बंद करून नवी घ्यावी लागते. दोन्ही लाइनी निदान आठ-दहा दिवस एकत्र चालू द्या, आणि पहिला महिना मासिक प्लॅनच घ्या. नव्या राउटरला जुनेच वाय-फाय नाव आणि पासवर्ड दिलेत, तर घरातली उपकरणे पुन्हा जोडावी लागत नाहीत. जुना राउटर परत करताना त्याचा सीरियल क्रमांक लिहिलेली पावती मागून घ्या. मला ती नसल्यामुळे अनामत रकमेसाठी चार महिने खेटे घालावे लागले.