मॅकबेथ वाचताना शब्द लक्षात कसे ठेवायचे?

प्रश्न: इंग्लिश व्होकॅब वाढावी म्हणून शेक्सपिअरचं मॅकबेथ वाचायला घेतलंय, पण पानापानाला अडते आणि वहीत उतरवलेले शब्द चार दिवसांत विसरते. काय करू?

उत्तर: ताई, सगळे शब्द उतरवू नका हो! थेन म्हणजे स्कॉटलंडचा सरदार, अनॉन म्हणजे लगेच, असले जुने शब्द वाचताना कळले की पुरे. आजच्या पेपरातही दिसतात ते पक्के करा, असॅसिनेशन म्हणजे बड्या माणसाचा खून, इक्विव्होकेट वगैरे, आणि शब्द नुसता नका लिहू, कोण बोललं, कधी बोललं तेही लिहा. आता इक्विव्होकेट बघा, सरळ खोटं न बोलता दोन अर्थ निघतील असं बोलायचं, दुसऱ्या अंकात दारू प्यायलेला दारवान त्यावरच बडबडतो, आणि १६०६ साली लंडनमध्ये गनपावडर कटाच्या, म्हणजे राजाला पार्लमेंटसकट उडवून द्यायच्या कटाच्या, खटल्यात हेन्री गार्नेट नावाच्या पाद्र्यामुळे हा विषय गाजत होता, शिवाय शेवटी चेटकिणींच्या अशाच दुटप्पी बोलण्यामुळे मॅकबेथ फसतो. एवढं कळल्यावर शब्द विसरणं अवघडच.

आणि अडलं की लगेच डिक्शनरी उघडू नका, पुढची ओळ वाचा. खून केल्यावर मॅकबेथ म्हणतो माझा हात समुद्रांना इन्कार्नडाइन करेल, आणि लगेच पुढे स्वतःच सांगतो, हिरव्याचं लाल! किती सुंदर सोय आहे ही.

सुरुवात पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशापासून करा, छोटा आहे आणि असॅसिनेशन तिथेच भेटेल.