तिसऱ्या दिवशी जा

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

मिठी नदीकाठच्या वस्तीत पाणी शिरलंय, उद्या सकाळी पोरांना घेऊन जाऊ का, असं काल रात्री विचारलंस. तू विधानसभेचं तिकीट मागतोयस आणि मतदान पावसाळा सरला की लगेच, म्हणजे उद्या तुझ्याआधी चार इच्छुक तिथे पोचलेले असणार. तू जा. पण एकटा जा, गमबूट घालून, फोटोवाल्याशिवाय. आणि तिसऱ्या दिवशी परत जा.

२६ जुलै २००५ नंतर मीही एका इच्छुकाबरोबर कुर्ल्यातल्या गल्लीत फिरले होते. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झालेला. शहराची गटारं ताशी २५ मिलिमीटरच्या हिशोबाने बांधलेली, त्यात समुद्राला भरती. पाणी जाणार कुठे? एक बाई भिजलेली गादी दाराबाहेर ओढत होती. फोटो नीट आला नाही, म्हणून मीच तिला म्हटलं, "ताई, जरा परत आत जाऊन बाहेर या ना." ती काही बोलली नाही. पाणी पिऊन माणसाएवढी जड झालेली ती गादी तिने आत नेली आणि पुन्हा बाहेर आणली. वीस वर्षं होऊन गेली. पाऊस लागला की मला ती बाई दिसते.

पहिल्या दिवशी खिचडी येते, दुसऱ्या दिवशी चादरी. मग सगळे आपापल्या वाटेने जातात, आणि तेव्हाच पंचनामा सुरू व्हायचा असतो. तोवर बायकांनी घर धुऊन काढलेलं असतं, कुजलेलं सामान कचऱ्याच्या गाडीत गेलेलं असतं, भिंतीवरची पाण्याची रेघ पुसलेली असते. तहसीलचा माणूस विचारतो, पाणी कुठवर होतं? दाखवायला काही नाही. म्हणून उद्या दारोदार एवढंच सांग: धुवायच्या आधी रेघेचा फोटो काढा, शेजारी घरातलं माणूस उभं करा, खोलीचा नंबर दिसू द्या, खराब झालेल्या सामानाची यादी करा. हे फोटो त्यांच्याच मोबाईलमध्ये राहू देत.

कागदांकडे तर डोळ्यांत तेल घालून बघ. झोपडपट्टी पुनर्वसनात मोफत घर मिळायचं तर झोपडी १ जानेवारी २००० च्या आधीची आहे हे दाखवावं लागतं. ते जुनं लाईटबिल, ती मतदार यादीतली नोंद, सगळं पत्र्याच्या पेटीत, आणि पेटी पलंगाखाली. पोटमाळ्यावर चढवायला वेळ मिळाला नाही, तर त्या चिखलात आयुष्यभराचा हक्क भिजत पडलेला असतो. एकमेकांना चिकटलेले कागद ओढू नका म्हणावं. सावलीत, पंख्याखाली वाळू द्या. मग झेरॉक्स.

घाण पाण्यातून चाललेल्यांना लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा धोका असतो. त्यांना ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात पाठव. पायाला जखम असेल त्यांना आधी.

धान्य द्यायचं तर साध्या पिशवीतून दे. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरात मदतीच्या पाकिटांवर पुढाऱ्याचे स्टिकर दिसले तेव्हा लोक किती चिडले होते, तुला आठवत असेल. आचारसंहिता लागल्यावर नावाची पिशवी म्हणजे सरळ आमिष, पण त्याआधीही तसं करू नकोस. उपाशी माणसाच्या हातात आपलं नाव कोंबायचं नसतं.

कोणीतरी विचारेलच, "दरवर्षी पाणी येतं, तुम्ही काय करणार?" तिथे तुझी खरी परीक्षा आहे. निवडून आलो की भिंत बांधतो, असं म्हणू नकोस. नदी रुंद करायची म्हणजे काठावरची घरं हलणार, आणि ती घरं त्यांचीच आहेत. माहुलला रिफायनरीशेजारी पाठवलेल्यांचे काय हाल झाले हे तिथे सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा हलावं लागलं तर कुठे, किती लांब, मुलांच्या शाळेचं काय, हे त्यांच्याकडूनच ऐक. वहीत लिहून घे. उत्तर नसेल तर नाही म्हणून सांग. त्यावर कोणी चिडलं, शिव्या दिल्या, तर उभा राहून ऐकून घे.

तिसऱ्या दिवशी मी येते. कोरे कागद, पेनं आणि स्टेपलर मी आणीन. तू आज संध्याकाळीच स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याशी बोलून ठेव, आणि पंचनाम्याला कोण येणार, कधी येणार, ते तहसील कार्यालयात विचारून ये.

तुझी,
काकू