गुरुत्वीय लहरींवरून अवकाशाच्या जादा मिती तपासता येतात का?

येतात, आणि एकदा तपासूनही झालंय. (गुरुत्वीय लहरी म्हणजे जड वस्तूंच्या हालचालींनी अवकाशात उठणारे तरंग, आणि जादा मिती म्हणजे लांबी, रुंदी, उंचीपलीकडच्या दिशा.) जादा मिती सापडली नाही. पण तुम्ही पुढे विचारलंय, "मग स्ट्रिंग थिअरी निकालात निघाली का?" (म्हणजे सगळे कण अतिसूक्ष्म तंतूंची कंपनं आहेत असं मानणारा सिद्धांत; त्याला जादा मिती लागतात.) तर तसं अजिबात नाही. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, आणि दरवर्षी कुणीतरी विद्यार्थी हाच निष्कर्ष काढून येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कालव्याच्या टेलला शेत असलेल्या माणसाला विचारा. धरणातून किती पाणी सोडलं ते त्याला कळतं, आपल्या शेतापर्यंत किती आलं ते दिसतं. मधल्या मधे किती पाझरलं हे कळायला त्याला कालवा खोदून बघावा लागत नाही. इथे तपासणी नेमकी तशीच आहे. काही सिद्धांतांत प्रकाश आणि अणू आपल्या तीन मितींनाच चिकटलेले असतात, गुरुत्वाला मात्र बाहेर पडायची मुभा असते. तसं असेल तर लांबून आलेली गुरुत्वीय लहर वाटेत पाझरून हवी त्यापेक्षा क्षीण पोचेल.

किती क्षीण? अवकाशाच्या तीन मिती असतील तर अंतर दुप्पट झालं की लहरीचा आयाम निम्मा होतो. (आयाम म्हणजे इथे लहरीची उंची. हिंदीत मितीलाच आयाम म्हणतात, घोळ करू नका.) चौथी मिती पूर्ण मोकळी असेल तर तो निम्मा न होता ३५ टक्क्यांवर येतो. कोट्यवधी प्रकाशवर्षांच्या प्रवासात हा फरक प्रचंड होतो, लपून राहूच शकत नाही.

आता खरी गंमत. धरणातून किती सोडलं हे कसं कळणार? ते लहरच सांगते. दोन न्यूट्रॉन तारे (मोठ्या ताऱ्यांचे मरणानंतर उरलेले अतिघन गाभे) एकमेकांभोवती फिरत जवळ येतात तसा लहरीचा सूर चढत जातो. तो किती वेगाने चढतो यावरून ताऱ्यांच्या वस्तुमानांचं एक विशिष्ट मिश्रण निघतं आणि त्यावरून उगमापाशी लहर किती जोरदार होती तेही. ही कल्पना बर्नार्ड शुट्झ यांनी १९८६ मध्येच मांडली होती. तेव्हा लहर पकडणारं यंत्र कुणाकडे नव्हतं!

१७ ऑगस्ट २०१७ ला अमेरिकेतल्या लायगोच्या दोन वेधयंत्रांनी आणि इटलीतल्या व्हर्गोने मिळून अशा दोन ताऱ्यांची टक्कर टिपली. १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाला गॅमा किरणांचा झोत दिसला आणि काही तासांत चिलीतल्या दुर्बिणीने वासुकी तारकासमूहातली एनजीसी ४९९३ ही दीर्घिका गाठली. अंतर साधारण १३ कोटी प्रकाशवर्षं. म्हणजे अंतर प्रकाशावरून कळलं, उगमाचा जोर लहरीच्या सुरावरून, आणि पोचलेला जोर यंत्रांनी मोजला. पार्डो, फिशबाख, होल्झ आणि स्पर्गेल यांनी २०१८ मध्ये हिशेब मांडला. काळ धरून एकूण मिती आल्या ४.०२. प्रकाशावरून अंतर काढताना विश्व किती वेगाने फुगतंय ते सांगणारा हबल स्थिरांक लागतो; त्याची दुसरी किंमत घेतली तर ३.९८. त्रुटी साधारण ०.१. म्हणजे पाझर शून्य धरायला हरकत नाही.

त्रुटी इतकी का, तर टकरीची कक्षा आपल्याकडे किती कललेली होती ते नीट कळत नाही. समोरून पाहिलेली जोडी कडेने पाहिलेल्या जोडीपेक्षा जोरदार भासते, त्यामुळे "जवळ पण कललेली" आणि "दूर पण समोरची" यांत गल्लत होते. अमेरिकेतली दोन्ही यंत्रं जवळजवळ एकाच रोखाने बसवलेली आहेत, तेव्हा त्यांच्याकडून याबाबत फार मदत होत नाही. वेगळ्या रोखाची यंत्रं वाढली की हा गुंता सुटत जाईल. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायचंय ते लायगो-इंडिया इथेच उपयोगी पडेल. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी मंजूर केले. पहिली तत्त्वतः मंजुरी २०१६ ची, म्हणजे मधे सात वर्षं गेली.

आता स्ट्रिंग थिअरीबद्दल. तिच्यातल्या जादा मिती सहसा अतिसूक्ष्म गुंडाळलेल्या असतात. १०० हर्ट्झची गुरुत्वीय लहर ३,००० किलोमीटर लांब असते, तिला त्या गुंडाळीचा पत्ताही लागणार नाही. त्यांचा शोध प्रयोगशाळेत पीळ-तराजूने घेतात, म्हणजे बारीक तारेला टांगलेल्या वजनाला किती पीळ बसतो त्यावरून अतिक्षीण गुरुत्व मोजतात. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने सुमारे ५० मायक्रॉन अंतरापर्यंत न्यूटनचा व्यस्त वर्गाचा नियम (अंतर दुप्पट झालं की गुरुत्वाचं बल चौथाई होतं) तपासला, तोही टिकला. २०१७ च्या घटनेने अडचणीत आणल्या त्या फक्त मोठ्या, पाझरणाऱ्या मिती. त्यातही डीजीपी नावाच्या प्रारूपासारख्या कल्पनेत पाझर एका ठरावीक अंतरानंतरच सुरू होतो. ते अंतर विश्वाच्या आकाराएवढं असेल, तर १३ कोटी प्रकाशवर्षं म्हणजे धरणाच्या दारातच पाणी मोजल्यासारखं. तिथे पाझर कसा दिसणार?